कुणाचं लेकरू हे? उन्हाळी सुट्टी, गावातले कार्यक्रम आणि प्रतिपालकत्व

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात नवं पोर दिसलं की पारावरून पहिला प्रश्न येतो, "कुणाचं रे तू?" नाव नंतर विचारतात. आधी कुणाचा नातू, कुणाचा भाचा, कुणाच्या घरी पाहुणा आलाय ते ठरतं आणि मग त्या पोराचं गावात काय स्थान ते ठरतं. एप्रिल-मे महिन्यांत हा प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकू येतो. मामाच्या गावाला आलेली पोरं असतात, कारखान्यावरून परतलेल्या कोयत्यांची, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोडप्यांची, लेकरं असतात, लग्नसराईचे पाहुणे असतात.

मागच्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या एका लग्नात मी होते. शेजारच्या पंगतीत नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. वाढणाऱ्या बाईनं बुंदी वाढता वाढता सवयीनं विचारलं, "कुणाचं गं लेकरू हे?" त्याच्या बाजूला बसलेल्या काकू पटकन म्हणाल्या, "आमचंच की." मुलगा मात्र खरं बोलणारा. म्हणाला, "नाही, माझी आई दवाखान्यात आहे. मी यांच्याकडं राहतो." वाढणारीचा हात तिथंच थांबला. मग तिनं आवाज उतरवून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, दुसरा प्रश्न टाकला, "म्हणजे दत्तक घेतलं का?"

दत्तक घेतलेलं नव्हतं. काकूंना ते समजावून सांगायचं होतं, पण पंगत पुढं सरकली होती. त्यांचं अर्धं राहिलेलं उत्तर इथं पूर्ण करते.

त्या मुलाला काकूंच्या घरी ठेवलंय ते प्रतिपालकत्वानं. सरकारी कचेरीत बरेचजण सरळ 'फॉस्टर केअर' म्हणतात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर आजोळ डोळ्यासमोर आणा. आजोळी वाढलेली माणसं प्रत्येक घरात आहेत. बाप परमुलखात होता, आई आजारी होती किंवा गावात शाळा नव्हती, म्हणून पोरगं मामाकडं राहिलं, तिथंच शिकलं. आडनाव बापाचंच राहिलं. आई यायची, भेटून जायची. सगळं सुरळीत झालं की पोरगं परत गेलं. प्रतिपालकत्व म्हणजे असं आजोळ, फक्त रक्ताच्या नात्याविना आणि लेखी आदेशानं. कायद्याच्या व्याख्येतच आहे की हे कुटुंब मुलाच्या जन्मदात्या कुटुंबाहून वेगळं असतं आणि ते निवडून, तपासून, मंजूर करून घेतलेलं असतं.

कायदा आहे २०१५ चा बाल न्याय अधिनियम, कलम ४४. आदेश देते बाल कल्याण समिती. प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती असते. तिच्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य, आणि त्यांत किमान एक बाई असावी लागते. मूल त्या घरात नीट आहे का, हे समितीनं दर महिन्याला बघायचं असतं. मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि खाणंपिणं ही प्रतिपालक कुटुंबाची जबाबदारी. समितीला मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं नाही तर आईवडील ठरावीक दिवसांनी भेटायला येऊ शकतात. आईवडील सांभाळायला समर्थ झाले, असं समितीला वाटलं की मूल स्वतःच्या घरी परत जाऊ शकतं. भावंडं असतील तर होता होईल तो त्यांना एकत्र ठेवायचं, हेही त्याच कलमात आहे.

दत्तकाची गोष्ट वेगळी. तिथं नातं कायमचं बदलतं. नाव बदलतं, वारसाहक्क मिळतो, जन्मदात्यांशी कायद्याचं नातं संपतं. त्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', यांच्याकडं ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पूर्वी दत्तकाचा अंतिम आदेश कोर्टातून यायचा. २०२१ मध्ये कायदा बदलला आणि सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. "आमच्या बहिणीला पोर नाही, तिला दवाखान्यातून परस्पर दिलं" ही गोष्ट आपल्याकडं अजून कौतुकानं सांगतात. कायद्याच्या लेखी तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

तिसरी गोष्ट पैशाची. तिच्यात सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण नावं सारखी वाटतात. मूल आपल्याच घरात, आईकडं, आजीकडं किंवा चुलत्याकडं आहे, पण घरात कमावतं माणूस उरलेलं नाही. अशा मुलासाठी महाराष्ट्र सरकारची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिचं नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे आणि महिन्याची रक्कम १,१०० वरून २,२५० रुपये झाली. त्याआधी कित्येक वर्षं ती ४२५ रुपयेच होती. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत प्रायोजकत्व (म्हणजे मूल स्वतःच्याच घरात राहावं म्हणून दिलेली मदत) आणि प्रतिपालकत्व या दोन्हींसाठी मुलामागं महिना ४,००० रुपये धरलेत. प्रायोजकत्वाला उत्पन्नाची अट आहे, ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि बाकी ठिकाणी ९६,००० रुपयांपर्यंत.

योजनेला सावित्रीबाईंचं नाव दिलं ते योग्यच झालं. १८७४ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा, यशवंत, आपला म्हणून वाढवला. तो पुढं डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात मायलेक दोघंही रोग्यांच्या सेवेत होते. त्या काळच्या पुण्यात त्या पोराला "कुणाचं रे तू?" हा प्रश्न किती जणांनी केला असेल!

आपल्या भागात दुसऱ्याचं लेकरू सांभाळणं हे काही नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-धाराशिवच्या गावांत एका रात्रीत शेकडो मुलांचं घर आणि माणसं गेली. भारतीय जैन संघटनेनं बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. नळदुर्गजवळ समाजवादी कार्यकर्ते पन्नालाल सुराणांनी 'आपलं घर' ही मुलांची संस्था उभी केली. त्या वेळी उत्तर होतं संस्था, आणि ती नसती तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. आजचा कायदा मात्र उलट क्रमानं विचार करतो. आधी मुलाचं स्वतःचं घर टिकवायचा प्रयत्न, नाहीच जमलं तर दुसरं घर, आणि संस्था सगळ्यात शेवटी.

उसतोडीचं आणखी निराळं. दसरा-दिवाळीनंतर बीडच्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या पट्ट्यातून गावं रिकामी होतात. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मुकादमाचा ट्रक येतो, आणि लेकरू एकतर फडात जातं किंवा आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतं. या मुलांना प्रतिपालकत्वातली मुलं म्हणता येणार नाही. त्यांचे आईबाप मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. पण वर्षातले पाच-सहा महिने आईबापाविना राहणं म्हणजे काय, हे ज्या गावाला इतकं माहीत आहे, तिथं प्रतिपालकत्व समजायला अवघड जाऊ नये. अवघड जातं ते कागदामुळं. आजीनं सांभाळलं तर कुणी कागद मागत नाही. परक्या घरानं सांभाळलं तर कागद हवाच आणि तो असण्यातच मुलाचं भलं आहे. आजी वारली, चुलत्यानं हात वर केले, मुलीचं लग्न तेराव्या वर्षी ठरवलं, अशा वेळी कागद नसलेलं मूल कुणाच्याच वहीत नसतं.

आता उन्हाळ्याचं. परभणीला पारा चव्वेचाळीसच्या पुढं जातो, तेव्हा कार्यक्रम कशाला, असं कुणीही म्हणेल. पण शाळा बंद झाली की तीन गोष्टी एकदम बंद होतात. दुपारची खिचडी बंद होते. बाई-गुरुजींची रोजची नजर बंद होते. पोरगी चार दिवस आली नाही हे सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात येत असतं. आणि मित्र सुटतात. ज्यांना आजोळ आहे ते आजोळी जातात. संस्थेतल्या बऱ्याच मुलांनाही मे महिन्यात कुणीतरी नातेवाईक न्यायला येतो. ज्यांना न्यायला कुणीच येत नाही ती रिकाम्या खोलीत मागं राहतात. संस्थेत काम करणाऱ्या एका ताईनं मला सांगितलं होतं की सुट्टी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या खोलीतल्या सतरंज्या आवळून टाकते, म्हणजे खोली कमी रिकामी दिसते.

केरळात यासाठी सुट्टीपुरतं प्रतिपालकत्व चालतं. संस्थेतली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत तपासून घेतलेल्या कुटुंबांकडं राहायला जातात. हे वाचून कुणाला वाटेल, आपणही चार दिवस एखाद्या लेकराला आंबे खायला घरी आणू. हेतू चांगला असला तरी समितीच्या आदेशाशिवाय तसं आणता येत नाही. आणि चार दिवसांनी परत सोडताना मुलाचं काय होतं, याचा विचार आणणाऱ्यापेक्षा समितीनंच केलेला बरा.

मग गावानं काय करायचं? उन्हाळ्यात जागृतीचे दिवस भरपूर आहेत. १ मे च्या महाराष्ट्र दिनाला ग्रामसभा असतेच. १५ मे आंतरराष्ट्रीय कुटुंब दिन, तो संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला, १९९४ पासून पाळतात. २५ मे हरवलेल्या मुलांचा दिवस. १ जून पालकांचा दिवस. १२ जून बालमजुरीविरोधी दिन, २००२ पासून. अमेरिकेत अख्खा मे महिनाच प्रतिपालक कुटुंबांसाठी पाळतात, १९८८ पासून. तिथल्या गावागावांत या कुटुंबांसाठी सहली, मेळावे, बागेतली जेवणं होतात. आपल्याकडं काराचा दत्तक जागृतीचा महिना नोव्हेंबरात येतो, आणि नेमके तेव्हा आपल्या भागातले निम्मे आईबाप उसाच्या फडावर असतात. म्हणून मला मे महिनाच बरा वाटतो. सगळे गावात असतात.

अक्षय तृतीयेचं वेगळं सांगायला हवं. मुहूर्त बघावा लागत नाही म्हणून त्या दिवशी लग्नं फार होतात, आणि त्यांत कोवळ्या पोरींचीही होतात. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस, ही २००६ च्या कायद्यातली अट सगळ्यांना तोंडपाठ आहे. खेड्यात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकाची असते, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. ज्या पोरीला आई नाही, बाप नाही, जी कुणाच्या तरी घरी 'ठेवलेली' आहे, तिचं लग्न सगळ्यात आधी उरकतात. "जबाबदारी मोकळी झाली" असं म्हणतात वर. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, आणि फोन करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती नाही.

तर कार्यक्रम. आधी काय करू नये ते सांगते, कारण मी स्वतः अशा एका कार्यक्रमात मागच्या रांगेत बसून गप्प राहिले आहे. मंडप घातलेला, पाहुणे उशिरा आलेले, ऊन बाराचं. बॅनरवर मोठ्या अक्षरांत 'अनाथ व निराधार बालकांना शालेय साहित्य वाटप'. नाव पुकारलं की एकेक मूल स्टेजवर यायचं, दप्तराचा एक बंद मुलाच्या हातात, दुसरा पाहुण्याच्या हातात, फोटो निघेपर्यंत दोघांनी धरून ठेवायचं. एका मुलीनं दप्तर घेतलं आणि फोटोच्या वेळी ते तोंडासमोर धरलं. फोटोवाला ओरडला, "बाळ, खाली घे, चेहरा दिसू दे." संध्याकाळी ते सगळे फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, नावासकट, शाळेसकट.

हे नुसतं दुष्टपणाचं म्हणून सोडून देता येत नाही, कायद्यालाही धरून नाही. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाच्या चौकशीची किंवा प्रकरणाची बातमी देताना त्याचं नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून ते ओळखू येईल अशी कोणतीही माहिती छापायची नाही, दाखवायची नाही, कुठल्याही माध्यमातून पसरवायची नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आयोजक म्हणतील की ही बातमी नाही, आमच्या ग्रुपवरचा फोटो आहे. वकील त्यावर वाद घालतील. पण त्या मुलीनं दप्तर तोंडासमोर का धरलं, ते कळायला वकील लागत नाही.

चांगला कार्यक्रम कसा असतो, तर त्यात कोणती मुलं कुणाची हे बाहेरून आलेल्या माणसाला ओळखूच येत नाही. सगळ्या गल्लीला बोलवा. प्रतिपालक कुटुंबांना, बालसंगोपन योजनेतल्या मुलांना आणि बाकीच्यांना एकच निरोप द्या. वेळ सकाळी सातची. दहाला आवरतं घ्या, त्यानंतर मुलांना उन्हात ठेवणं बरोबर नाही. माठ भरून ठेवा, टँकरचं गाव असेल तर आदल्या दिवशी पाण्याची सोय बघा. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या यांना खर्च नाही. सत्काराच्या शाली आणि नारळ यांना खर्च आहे, तो वाचवा.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला कार्यक्रम वाळवणाचा होता. चार घरच्या बायका एका मोठ्या गच्चीवर जमल्या होत्या. रात्रभर भिजलेल्या गव्हाचा चीक पहाटे शिजायला घातलेला, कुरडयांचा सोऱ्या दाबायला मोठी पोरं, बाजरीच्या खारोड्या घालायला छोटी, आणि कावळे हाकलायला काठी घेऊन सगळ्यात लहान. गरम चिकात गूळ-दूध घालून वाट्या फिरल्या. काम असलं की मुलाला तू कुणाचा हे कुणी विचारत नाही, काठी धर म्हणतात. त्या चौघींतली एक प्रतिपालक होती. खारोड्या घालता घालता ती बाकीच्यांना जे बोलली ते तिनं कुठल्याही मेळाव्याच्या माइकवर सांगितलं नसतं. पोरगी रात्री उशीखाली भाकरी लपवून ठेवते, म्हणाली. पहिल्यांदा राग आला, घरात कमी आहे का काही? मग तिच्या लक्षात आलं की पोरगी भाकरी खात नाही, फक्त असू देते. आता ती स्वतःच रोज एक भाकरी फडक्यात बांधून उशापाशी ठेवते. दोन महिन्यांनी पोरगीच म्हणाली, आज नको.

असं मोकळं बोलायला प्रतिपालकांना जागा हवी असते. त्यांचे प्रश्न फार साधे असतात आणि गावात कुणापाशी विचारता येत नाहीत. मुलानं मला आई म्हणावं का? त्याची खरी आई भेटायला आली की मी घरात थांबू की बाहेर जाऊ? भेटीनंतर दोन दिवस ते जेवत नाही, हे माझं चुकतंय का? आणि सगळ्यात वाईट प्रश्न, ते परत जाईल तेव्हा माझं काय? पहिल्याचं उत्तर मुलावर सोडावं. काकू, मावशी, माय, त्याला जे सुचेल ते. भेटीनंतरचं बिनसणं बहुतेकदा आई आवडते म्हणून असतं, त्याला तुमचा दोष नाही. शेवटच्याचं उत्तर माझ्याकडंही नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्या काहींच्या मनात मूल कायमचं ठेवून घ्यायचं असतं. २०२४ च्या केंद्राच्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत तसा रस्ता आहे. काही अटींवर, दोन वर्षं प्रतिपालक म्हणून राहिल्यावर दत्तकासाठी अर्ज करता येतो. आधी हीच मुदत पाच वर्षांची होती. त्याच सूचनांनी एकट्या माणसालाही दार उघडलंय. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, वय ३५ ते ६० असेल तर चालतं. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी दोन्ही ठेवता येतात, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. मात्र प्रतिपालकत्व हा दत्तकाचा जवळचा रस्ता समजून कुणी येऊ नये. बहुतेक मुलांची स्वतःची माणसं कुठंतरी असतात आणि ती परत उभी राहावीत म्हणूनच हा सगळा खटाटोप असतो.

कार्यक्रमात एक गोष्ट मात्र जरूर करा. कोपऱ्यात एक टेबल, दोन खुर्च्या, आणि कागदपत्रं समजणारा एक माणूस. गावाच्या बाल संरक्षण समितीत सरपंच आणि अंगणवाडी ताई असतातच, ताईला बसवलं तरी पुरे. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षातून कुणी आलं तर उत्तमच. बालसंगोपनासाठी मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्न दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक, फोटो इतकं साधारण लागतं. मग घरी येऊन चौकशी होते आणि बाल कल्याण समितीपुढं मुलाला न्यावं लागतं. विधवा बाईला यातलं प्रत्येक पाऊल म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणं आहे. एसटीचं भाडं, झेरॉक्स, आणि "साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी या." टेबलापाशी कागद तपासून एक फेरी वाचली तरी त्या कार्यक्रमाचं मोल स्टेजवरच्या पन्नास दप्तरांपेक्षा जास्त आहे.

प्रतिपालक व्हायचं असेल तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा. घरी येतील, शेजाऱ्यांकडं विचारतील, उत्पन्न बघतील, घरातल्या सगळ्यांशी बोलतील. त्याचा राग मानू नका. सुट्टीत मुलाला परगावी, लग्नाला, जत्रेला न्यायचं असेल तर आधी कक्षाला कळवून ठेवा.

आणि १५ जूनच्या आसपास शाळा उघडतील तेव्हा प्रवेशाच्या फॉर्मवर मुलाचं नाव आणि आडनाव जे आहे तेच लिहायचं, आपलं लावायचं नाही. सांभाळणारे म्हणून आपलं नाव वेगळं द्यायचं आणि समितीच्या आदेशाची झेरॉक्स मुख्याध्यापकांच्या हातात द्यायची, वर्गात सगळ्यांसमोर नाही. मूळ आदेश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवा. मृगाचा पहिला पाऊस लागला की पत्र्यातून कुठं गळेल, सांगता येत नाही.